रजिस्टरात ३००, सिलिंडरमध्ये १२०

नवा_इनचार्ज
बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहायची वेळ आली. दोन महिन्यांपूर्वी मला शिफ्टचा इनचार्ज केलं. त्याआधी अकरा वर्षं याच स्टेशनवर फायरमन. ज्यांच्या बरोबरीने होज (पाणी मारायचा पाइप) ओढला त्यांनाच आता "हे तपासलंत का, ते तपासलंत का" विचारायचं.

परवा रोल कॉल झाल्यावर सहज लॉकरमधला एक बी.ए. सेट उचलला (पाठीला हवेचा सिलिंडर, तोंडाला मास्क, धुरात शिरायला लागतो तो), व्हॉल्व्ह उघडला, गेज पाहिला. काटा १२० वर. रजिस्टर उघडलं तर त्याच सेटपुढे त्याच सकाळची नोंद: ३०० बार (म्हणजे पूर्ण भरलेला), सुस्थितीत. मागची पानं चाळली. पाच आठवडे रोज ३००. अक्षर असं की सगळं एका बैठकीत भरलेलं.

तपासणी ज्यांच्याकडे आहे ते आमचे दादा. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. शिडी खांद्यावर कशी तोलायची ते त्यांनी शिकवलं. पहिल्या मोठ्या वर्दीला (आगीच्या कॉलला) मी आवेशात पुढे घुसत होतो तेव्हा पट्ट्याला धरून मागे खेचणारेही तेच. मी काही बोललो नाही. गुपचूप सिलिंडर बदलला आणि गप्प बसलो. तेव्हापासून तो १२०चा काटा डोळ्यांसमोरून जात नाही.

सांगा, हे दादांना कसं सांगायचं?

पंपवाला
गुपचूप बदललात तिथेच चुकलात. आता उद्या पुन्हा ३०० लिहिणार आणि या वेळी ते खरं असणार.

ठिणगी
आमच्याकडे एकदा गंमत झाली. बाहेर सगळीकडे जाऊन 'तुमच्या अग्निशामकाची मुदत संपली आहे' अशा नोटिसा देणारे आम्ही. स्टेशनच्या जिन्यातल्या आमच्याच अग्निशामकाची मुदत दीड वर्षापूर्वी संपलेली. एका शाळेच्या सहलीतल्या पोराने वाचून दाखवलं. मोठ्याने.

नियमावली
भावना बाजूला ठेवा. खोटी नोंद म्हणजे खोटी नोंद. लेखी खुलासा मागा, वर कळवा. तुम्ही आता मित्र नाही, इनचार्ज आहात. उद्या त्या सेटवर कुणी गेला तर चौकशीत पहिली सही तुमची निघणार, दादांची नाही.

निवृत्त_बंबवाला
नियमावली, तुम्ही कधी स्टेशनवर रात्र काढली आहे का? राग मानू नका, पण लेखी खुलासा मागितला की काय होतं ते सांगतो. दुसऱ्या दिवसापासून सगळं रजिस्टर एकदम अचूक होतं आणि स्टेशनमध्ये कुणी कुणाला काही सांगेनासं होतं. होजला भोक पडलेलं दिसलं तरी माणूस विचार करतो, सांगितलं तर मलाच विचारतील कसं पडलं.

मी एका साहेबांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. हत्यार तुटलं की आधी "कोणी तोडलं?" मग ओरडा. परिणाम असा की तुटलेली पहार आम्ही लॉकरच्या तळाशी, चांगल्या दोन पहारींच्या खाली ठेवून द्यायचो. एका वर्दीला दार फोडताना नेमकी तीच हातात आली. दारामागे कुणी नव्हतं, नशीब. त्यांच्यानंतर आलेले साहेब पहिल्याच दिवशी म्हणाले, "मोडलेली वस्तू टेबलावर आणून ठेवा, नाव विचारणार नाही." आठवड्यात टेबल भरलं. तोवर आमच्याकडे इतकं सामान मोडलेलं आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं.

हिशेबी
आधी १२० बार म्हणजे नेमकं किती, ते बघू. सिलिंडर ६ लिटरचा धरला तर ३०० बारला साधारण १८०० लिटर हवा. कागदावर मिनिटाला ४० लिटर धरतात, म्हणून ४५ मिनिटं. १२० बारला उरते ७२० लिटर. त्यातले शेवटचे ५५ बार हवा संपत आल्याच्या शिट्टीचे, म्हणजे बाहेर पडण्यासाठी राखून ठेवलेले. ते ३३० लिटर वजा केले की कामाला ३९० लिटर. ४०च्या हिशेबाने दहा मिनिटंही नाहीत. आणि होज घेऊन जिना चढणारा घाबरलेला माणूस ४० लिटरवर थांबत नाही, ६० लिटर सहज ओढतो. सहा-साडेसहा मिनिटं. यात आत जाणं धरलेलं आहे.

दादांना आकडेच द्या. खुलासाबिलासा नको.

बाहेरचा_वाचक
मी या क्षेत्रातला नाही, प्रश्न बाळबोध वाटेल. पण आत जायच्या आधी प्रत्येक जण स्वतःचा गेज बघत नाही का?

पंपवाला
बघायलाच हवा. बी.ए. कंट्रोलचा बोर्ड असतो, त्यावर नाव, आत गेल्याची वेळ, तेव्हाचा दाब लिहून मगच सोडायचं. पण वर्दी रात्री अडीचची असेल, वरच्या मजल्यावरून कुणी ओरडत असेल, तर काटा हिरव्यात आहे एवढं बघून माणूस सुटतो. म्हणून तर सकाळी तपासायचं. रात्रीच्या आपल्यावर सकाळच्या आपण भरवसा ठेवायचा नाही.

शिडीवाली
विषयाला थोडा फाटा फोडते. सेट तपासताना तो *कोणाला बसतो* हे कोणी तपासतं का? मी रुजू झाले तेव्हा मला दिलेले हातमोजे दोन नंबर मोठे. त्यांनी नोझलचा दांडा धरता येईना, म्हणून ड्रिलला मी ते काढून काम करायचे, आणि ओरडा मला. पट्टे शेवटच्या छिद्रापर्यंत ओढले तरी सिलिंडर पाठीवर डुलायचा. लेखी दिलं, तर उत्तर आलं "मानक आकारमानानुसार पुरवठा झालेला आहे". शेवटी आमच्या स्टेशन ऑफिसरनी एक दिवस स्वतः माझे मोजे घालून पाहिले. त्यांचा हात माझ्याहून मोठा, त्यांनाही सैल! मग मागणी गेली. तर नवा_इनचार्ज, तपासणी म्हणजे नुसता काटा नाही. ज्याचा सेट त्याने अंगावर चढवून बघायचा.

जुनी_कात्रणं
शिडीवालींच्या 'मानक आकारमान'वरून आठवलं. बाल्टिमोरची १९०४ची आग. वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब मदतीला धावून आले, आणि त्यांच्या होजची कपलिंगं (टोकाचे जोड) बाल्टिमोरच्या हायड्रंटला (रस्त्यावरच्या पाण्याच्या नळाला) बसेनात. प्रत्येक शहराचे आटे वेगळे. पाणी समोर, होज हातात, आणि जोडता येत नाही. आग तीस तासांवर चालली, दीड हजारांहून जास्त इमारती गेल्या. त्यानंतर कपलिंगच्या प्रमाणीकरणाने जोर धरला. गंमत म्हणजे त्याच्या बावीस वर्षं आधी, १८८२ मध्ये, श्टोर्त्स नावाच्या जर्मन इंजिनिअरने नर-मादी भानगडच नसलेलं कपलिंग काढलं होतं. दोन्ही टोकं सारखी, कसंही जोडा. युरोपात ते आजही चालतं.

ठिणगी
नर-मादी कपलिंगवरून आमच्या ट्रेनिंगमधला एक जण आठवला. त्याने घाईत अख्खी लाईन उलटी अंथरली. हायड्रंटकडे मादी, आगीकडे नर. उस्ताद काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "आता आगीला सांग इकडे येऊन जोडून घे."

पंपवाला
😄 माझाही एक किस्सा. उघड्या पाण्यावरून सक्शन घ्यायचं होतं. प्रायमिंग (पंपातली हवा काढून पाणी ओढून घेणं) करतोय, करतोय, पंप पाणी धरेचना. पंप बिघडला म्हणून मी जाहीर करून मोकळा. आमचे लीडिंग फायरमन आले, सक्शन होजच्या जोडावर कान ठेवला आणि म्हणाले, "इथून हवा ओढतोय." कपलिंग उघडलं तर आत रबरी वॉशर नव्हता. लाखमोलाचा पंप, आणि अडला बांगडीएवढ्या रबराला. तेव्हापासून माझ्या खिशात दोन वॉशर कायम. बायको धुण्याआधी खिसे तपासते तेव्हा तिलाही माहीत आहे ते फेकायचे नाहीत.

बाहेरचा_वाचक
अजून एक. तुम्ही लोक आल्याआल्या काचा का फोडता? आमच्या ओळखीत एकांकडे आगीपेक्षा काचांचं नुकसान जास्त झालं.

निवृत्त_बंबवाला
कधी फोडायलाच हव्यात आणि कधी अजिबात नकोत, आणि हे कळणं हीच खरी अक्कल. आत अडकलेला धूर म्हणजे नुसता धूर नव्हे, तो अर्धवट जळलेला वायू आहे. पेटण्याजोगा. त्याला बाहेर वाट दिली आणि त्याच वेळी पाणी आत तयार असेल तर आतलं तापमान उतरतं, दिसायला लागतं, आतला माणूस वाचतो. पाणी तयार नसताना काच फोडली तर तुम्ही आगीला श्वास दिलात. बंद खोलीत हवा संपून दबलेली आग दार उघडताच भडका घेऊन अंगावर येते. काजळलेली काच, फटींतून आतबाहेर करणारा धूर, तापलेलं दार दिसलं तर हात आवरायचा.

आणखी एक. पाण्याची वाफ होते तेव्हा ती सतराशे पट फुगते. म्हणून छोट्या खोलीत अतिउत्साहाने पाणी मारलं तर आग विझते आणि मारणारा उकडून निघतो. जास्त पाणी मारणारा शूर नसतो, बरेचदा नवा असतो.

नियमावली
मी रात्र काढली आहे का, असा प्रश्न होता. चौदा वर्षं काढल्या. त्यातली एक अशी की आमच्या एका सहकाऱ्याला खेचून बाहेर काढावं लागलं, कारण त्याच्या सेटचं डिमांड व्हॉल्व्ह (श्वासागणिक हवा सोडणारं) चिकटत होतं आणि ते आदल्या शिफ्टला माहीत होतं. माहीत होतं, लिहिलं नव्हतं. 'कशाला त्याचं नाव खराब करा' म्हणून. तो वाचला, पण पुन्हा धुरात गेला नाही. त्यामुळे मला दादापणाचं कौतुक सांगू नका.

निवृत्त_बंबवाला
नियमावली, माझं वाक्य मागे घेतो. ते टोचून बोलणं होतं.
पण बघा, तुमच्याही गोष्टीत ते लिहिलं का गेलं नाही? लिहिलं की कुणाचं तरी नाव खराब होतं, अशी तिथे हवा होती. तुम्ही म्हणता खुलासा मागा. त्याने ही हवा आणखी दाटते. मला एवढंच म्हणायचं होतं.

नियमावली
असेल. पण सुरुवात कुठून तरी करावी लागते, आणि मला कागद जमतो.

काजळी
हत्यारांवर बोलताय म्हणून : कपड्यांवर कोणी बोलणार का? आमच्यात अजून काजळी माखलेलं हेल्मेट म्हणजे मोठेपणा. नवीन पोरगं स्वच्छ कोट घालून आलं की "अजून वर्दी पाहिली नाही वाटतं" म्हणून टोमणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ मध्ये फायरमनचं कामच कर्करोगकारक गटात, पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि ॲस्बेस्टॉस ज्या गटात आहेत तो. ती काजळी आपण गाडीच्या केबिनमध्ये, तिथून बिछान्यापर्यंत आणतो. आमच्या नव्या ऑफिसर बाईंनी एक साधा नियम केला: वर्दी संपली की घटनास्थळावरच कोट पाण्याने आणि ब्रशने घासायचा, पिशवीत भरायचा, केबिनमध्ये न्यायचा नाही. पहिल्या दिवशी सगळे हसले. बाईंनी स्वतःचा कोट सगळ्यांसमोर घासला, एक शब्द न बोलता. दुसऱ्या दिवशी कमी हसले.

शिडीवाली
+१. आणि तो कोट घरी धुवायला नेणारे महाभाग असतात. पोरांच्या कपड्यांबरोबर!

ठिणगी
मोठे विषय चाललेत, पण स्टेशन कशावरून फुटतं ते मी सांगतो. हत्यारांवरून नाही. भांडी कोण घासणार आणि रात्री खिडकीजवळचा पलंग कोणाचा, यावरून. दोन सख्खे मित्र पंख्याच्या वेगावरून आठ महिने बोलत नव्हते. वर्दीला मात्र एकाच होजवर. एक नोझल धरायचा, दुसरा मागून पाठ देऊन धक्का सोसायचा. परत आले की पुन्हा अबोला.

जुनी_कात्रणं
नेतृत्वाचं म्हणाल तर मला तीन प्रसंग कायम एकत्र आठवतात.

१९४९, अमेरिकेतल्या माँटानातली मान गल्च नावाची घळ. विमानातून उतरलेल्या वणवेवाल्यांची तुकडी, गवताचा डोंगर, आग खालून पाठलाग करतेय. प्रमुख वॅग डॉजने सांगितलं जड हत्यारं टाका, आणि मग काडी ओढून समोरचंच गवत पेटवलं. जळून गेलेल्या राखेत आडवा पडला, बाकीच्यांना म्हणाला इकडे या. कोणी आलं नाही. आगीपासून पळताना आग लावणाऱ्याचं कोण ऐकणार! तो वाचला, तेरा जण गेले. युक्ती बरोबर होती. पण त्या पोरांबरोबर त्याने आधी फारसं काम केलेलं नव्हतं.

उलट १९१०च्या आयडाहोच्या वणव्यात एड पुलास्की. चाळीसेक माणसांना खाणीच्या बोगद्यात नेलं, आणि घाबरून बाहेर पळणाऱ्यांना पिस्तूल दाखवून आत ठेवलं. बहुतेक वाचले. एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं पातं असलेलं वणव्याचं हत्यार आजही त्याच्या नावाने ओळखतात.

तिसरा, १९९९, अमेरिकेतल्याच वूस्टरचं बंद पडलेलं शीतगृह. खिडक्या जवळजवळ नाहीत, आत चक्रव्यूह. दोघे आत हरवले, त्यांना शोधायला गेलेले चौघे हरवले. बाहेर आणखी माणसं आत जायला धडपडत होती. तेव्हा प्रमुख मॅकनेमी दारात आडवा उभा राहिला आणि म्हणाला, बस, आता कोणी नाही. ज्या बेघर जोडप्यासाठी शोध सुरू झाला होता ते आधीच बाहेर पडलेलं होतं.

पंपवाला
त्या दारात उभं राहण्यापेक्षा आत जाणं सोपं.

हिशेबी
जुनी_कात्रणं, चौथाही जोडा. १४ एप्रिल १९४४, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीतलं 'फोर्ट स्टिकिन'. एकाच जहाजात कापूस आणि स्फोटकं. जहाज बुडवायचं की बाहेर ओढायचं यावर धक्क्यावर वेगवेगळी मतं, आणि शेवटचा शब्द कोणाचा हेच ठरेना. जवान मात्र पाणी मारत राहिले. ६६ गेले.

काजळी
हॅलिगन राहिला की. दार फोडायचं ते हत्यार, एका टोकाला दुफाटा, दुसऱ्या टोकाला पातं आणि टोकदार चोच. न्यूयॉर्कच्या दलातल्या ह्यू हॅलिगन या अधिकाऱ्याने १९४०च्या दशकात बनवलं. आणि त्याच्या स्वतःच्या दलाने ते सुरुवातीला घेतलं नाही, कारण आपल्याच अधिकाऱ्याकडून खरेदी बरी दिसणार नाही! बॉस्टनने गाड्यांवर चढवलं, आणि न्यूयॉर्कचे फायरमन पदरमोड करून विकत घेत होते. खरेदी विभाग सगळीकडे सारखाच.

ठिणगी
आमच्याकडे उलट. कोणी न मागितलेला थर्मल कॅमेरा (धुरातही उष्णतेवरून माणूस दाखवणारा) आला. तीन महिने कपाटात कुलूपबंद, कारण 'महागाचा आहे, हरवेल'. शेवटी बाहेर काढला तर आमच्या एकाने खिडकीवर रोखला आणि म्हणाला आत एक माणूस आहे. तो स्वतःच होता. काचेतून त्या कॅमेऱ्याला पलीकडचं दिसत नाही, आपलंच प्रतिबिंब दिसतं.

शिडीवाली
नवा_इनचार्ज आहेत कुठे? धागा काढून गायब.

नवा_इनचार्ज
आहे. सगळं वाचत होतो, तीन आठवडे शिफ्ट सोडवेना. काय झालं ते सांगतो.

हिशेबींचा हिशेब एका कागदावर लिहून खिशात ठेवला होता. दादांना एकट्याला गाठलं, गाडीच्या मागे. म्हटलं, दादा, मागच्या महिन्यात चार नंबरचा सेट १२० वर होता आणि मी न सांगता बदलला. चूक माझी, तेव्हाच सांगायला हवं होतं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गेज वाचायला चष्मा लागतो. तो लॉकरमध्ये राहतो. सगळ्यांसमोर काढायला बरं वाटत नाही."

एवढंच होतं हो. मी काय काय समजून बसलो होतो.

मग शिडीवालींचं उचललं. रजिस्टर बाजूला ठेवलं. रोज रोल कॉलनंतर प्रत्येकाने आपापला सेट अंगावर चढवायचा, मास्क लावायचा, दाब मोठ्याने सांगायचा, शेजाऱ्याने गेज बघायचा, आणि दादांनी ऐकून लिहायचं. नव्या पोरांना चढवायला शिकवायचं कामही दादांकडे. पहिले चार दिवस कुरकुर. एकाने विचारलं, "साहेब स्वतः कधी घालणार?" बरोबर होतं. पाचव्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो.

माझा मास्क लावला, आणि दादांनी हनुवटीशी हात नेला. "फुसफुसतंय," म्हणाले. या मास्कच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त असतो, त्यामुळे कड नीट बसली नाही तर धूर लगेच आत येत नाही पण हवा बाहेर वाया जाते. मी पट्टे आवळले. तरी फुसफुस. दादांनी खिशातून चष्मा काढला, सगळ्यांसमोर, शांतपणे डोळ्यांवर चढवला, माझ्या गालाजवळ वाकून पाहिलं आणि म्हणाले :

"साहेब, दाढी."

तीन दिवसांचे खुंट होते. मी जाऊन दाढी करून आलो, पुन्हा लावला, फुसफुस बंद. परत येऊन रजिस्टर पाहिलं तर दादांच्या अक्षरात नोंद झालेली होती: 'सेट क्र. १, दाब २९०, मास्कला गळती. कारण : इनचार्ज. दुरुस्ती केली.'

नियमावली
या नोंदीला माझी हरकत नाही.

ठिणगी
सुस्थितीत लिहिलं का शेवटी?

नवा_इनचार्ज
नाही. म्हणाले उद्या बघू.